मंथरेच्या पलीकडच्या ललिताबाई

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला निरोप दिला की शाळेच्या आठवणींचे लेख पुष्कळ आले आहेत, तेव्हा माझ्याकडून वेगळं काही हवं आहे. एखाद्या थोर कलावंताचं चरित्र चालेल, कोणाचं ते मी ठरवावं. दहावी १९८८च्या बॅचमधल्या ज्यांना मी आठवत असेन, त्यांना मी कोणावर लिहिणार हे बहुधा आधीच कळलं असेल. बाकीच्यांसाठी आणि आदरणीय गुरुजनांसाठी सांगते: ललिता पवार यांच्यावर. हिंदी-मराठी पडद्यावरची खाष्ट सासू म्हणून त्या आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. पण सासू होण्याआधी त्या काय काय होऊन गेल्या होत्या, ते फारसं कोणी सांगत नाही.

ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा. माहेरचं नाव अंबा सगुण. वडील लक्ष्मणराव रेशमी आणि सुती कापडाचे व्यापारी. येवला म्हणजे पैठणीचं गाव, त्यामुळे घर खाऊनपिऊन सुखी. अशा घरातली मुलगी त्या काळात सिनेमात जाते, तीही दहा-बारा वर्षांची असताना, ही गोष्ट आज वाचताना साधी वाटते. तेव्हा ती साधी नव्हती. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना बाई मिळाली नाही आणि शेवटी साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडं नेसवावं लागलं. आपल्याकडच्या नमनात गवळणी पुरुषच व्हायचे, त्यामुळे आपल्याला त्यात नवल वाटायचं कारण नाही. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९२८मध्ये, त्याच नावाचा आणखी एक मूकपट निघाला आणि त्यात ही अंबा बालकलाकार म्हणून उभी राहिली. पुण्यात तेव्हा आर्यन फिल्म कंपनी होती. तिच्या मूकपटांतून काम करत करत अंबा मोठी झाली, नायिका झाली आणि तिचं नाव ललिता झालं.

मूकपटात काम करणं म्हणजे काय, याचा मी कधी कधी विचार करते. आवाज नाही. गाणं नाही. जे काही सांगायचं ते डोळ्यांनी, हातांनी, चालण्याने. पडद्यावर मध्येच अक्षरं यायची, पण ती वाचता येणारी माणसं थिएटरात थोडीच असायची. म्हणजे नटाच्या चेहऱ्यावरून गोष्ट कळली नाही, तर कळलीच नाही. ललिताबाईंचं शिक्षण या शाळेत झालं. पुढे त्या नुसती मान वळवून समोरच्याला गार करायच्या, त्याची मुळं मला इथे दिसतात.

१९३२ साली, म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी 'कैलाश' या मूकपटात तीन भूमिका केल्या आणि त्याच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. सोळाव्या वर्षी आपण काय करत होतो, ते प्रत्येकाने आपलं आपण आठवावं. बोलपट आल्यावर पुष्कळ मूकपटवाले घरी बसले, कारण त्यांना बोलता येत नव्हतं किंवा गाता येत नव्हतं. त्या काळात पार्श्वगायनाची सोय अजून रुळलेली नव्हती, ज्याचं गाणं त्याने गायचं. ललिताबाई गात होत्या. १९३५च्या 'हिम्मत-ए-मर्दा'त त्या नायिका होत्या आणि गाणीही त्यांचीच. हे चित्रपट मारामारीचे, घोडदौडीचे, साहसाचे. त्यांचे पहिले पती गणपतराव पवार हे दिग्दर्शक, आणि पवार हे आडनाव त्यांच्याकडून आलं. तो संसार टिकला नाही. पुढे निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी त्यांनी लग्न केलं, पण पडद्यावर नाव पवारच राहिलं.

१९३७-३८च्या सुमारास त्यांनी स्वतः निर्माती होऊन 'दुनिया क्या है' हा चित्रपट काढला. त्याची गोष्ट टॉलस्टॉयच्या 'रिझरेक्शन' या कादंबरीवरून घेतलेली. एका मोठ्या घरच्या माणसाने फसवलेली मुलगी, तिची वाताहत, आणि पुढे न्यायालयात तोच माणूस तिच्यासमोर, असा तो विषय. मारामारीच्या चित्रपटांत नाव झालेली, विशीतली एक नटी आपले पैसे घालून रशियन कादंबरीवर चित्रपट काढते. मला यात त्यांचा सगळा स्वभाव दिसतो. त्यांना नुसतं सुंदर दिसायचं नव्हतं.

मराठीतही त्या तेव्हा जोरात होत्या. भालजी पेंढारकरांचा 'नेताजी पालकर' १९३९चा. १९४१मध्ये मास्टर विनायकांचा 'अमृत' आला, कथा वि. स. खांडेकरांची. इथे कोकणातल्या माणसाला थोडं थांबावंसं वाटतं, कारण खांडेकर म्हणजे शिरोड्याच्या शाळेत जवळजवळ अठरा वर्षं मुलांना शिकवलेले मास्तर. तिथल्या मिठागरांच्या आणि गरिबीच्या सोबतीने लिहिलेला हा लेखक. त्यांच्या लेखणीतून आलेली बाई ललिताबाईंनी केली. पंचविशीतली, नावाजलेली, गाणारी, घोड्यावर बसणारी आणि गरिबाघरची बाईही तितक्याच सहजतेने करणारी नटी. यापुढची दहा-पंधरा वर्षं नायिकेच्याच भूमिका मिळतील, असं कोणीही म्हटलं असतं.

मग १९४२ साल आलं. 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाचं चित्रीकरण चालू होतं. एका प्रसंगात भगवान पालव यांनी, म्हणजे पुढे 'अलबेला'मुळे घराघरांत पोचलेल्या भगवानदादांनी, ललिताबाईंना थोबाडीत मारायची होती. नाटक-सिनेमातली थोबाडीत हे एक कसब असतं. हात गालाजवळून जातो, मार खाणारा मान झटकतो, आवाज दुसरीकडून येतो. त्या दिवशी हात खरोखर बसला, आणि जोरात बसला. चेहऱ्याच्या डाव्या बाजूला अर्धांगवायूसारखं झालं, डाव्या डोळ्याला इजा झाली. उपचार काही वर्षं चालले. चेहरा बराच सावरला, पण डावा डोळा बारीक झाला तो कायमचा.

त्यांचं वय तेव्हा सव्वीस होतं.

हिंदी सिनेमाची नायिका म्हणजे कॅमेरा तिच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ जाणार. त्या चेहऱ्यावर एक डोळा दुसऱ्यापेक्षा लहान असला तर निर्माता तिला घेणार नाही. हे क्रूर होतं, पण असंच होतं, आणि खरं सांगायचं तर आजही फार वेगळं नाही. ललिताबाईंपुढे दोन रस्ते होते. घरी बसायचं, नाहीतर नायिका सोडून जे मिळेल ते करायचं. त्यांनी दुसरा धरला.

यावर नेहमी जे लिहिलं जातं, ते मला पटत नाही. असं लिहितात की त्या एका थोबाडीने एक नायिका संपली आणि एक महान खलनायिका जन्माला आली, जणू काही भगवानदादांच्या हाताने त्यांना अभिनय दिला. अभिनय त्यांच्याकडे आधीच होता. तीन भूमिका एका मूकपटात करणारी, टॉलस्टॉयला हात घालणारी बाई ती. थोबाडीने फक्त त्यांची एक वाट बंद केली. बाकीच्या वाटा त्यांनी चालून चालून केल्या.

याचा पुरावा हवा असेल तर १९४४चा प्रभातचा 'रामशास्त्री' पाहावा. गजानन जागीरदार त्यात रामशास्त्री प्रभुणे झाले होते आणि ललिताबाई आनंदीबाई. इतिहासाच्या तासाला नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा धडा आपण सगळ्यांनी ऐकला आहे. १७७३ सालचा गणेशोत्सव, शनिवारवाडा, गारदी, आणि 'ध'चा 'मा' करणारी आनंदीबाई. एका अक्षराने माणूस मारणारी बाई पडद्यावर कशी दाखवायची? आरडाओरडा करून ती दाखवता येत नाही. ललिताबाईंची आनंदीबाई पेशव्यांच्या घरातली खानदानी बाई आहे, सत्तेची भूक आतल्या आत सांभाळणारी. आणि इथे तो जखमी डोळा पहिल्यांदा त्यांच्या कामी आला. त्या समोरच्याकडे पाहतात, तेव्हा त्यांच्या मनात काय चाललंय याचा प्रेक्षकाला पुरता अंदाज येत नाही. व्यंग लपवायचा खटाटोप त्यांनी केला नाही. कॅमेऱ्याकडे कोणता गाल, मान किती तिरकी, पापणी कधी खाली, हे सगळं त्यांनी नव्याने शिकून घेतलं असणार, नाहीतर इतकं नेमकं उतरत नाही.

पुढच्या चित्रपटांची यादी केली तर ही स्मरणिका पुरणार नाही. त्यांनी शेकडो चित्रपट केले. व्ही. शांताराम यांच्या १९५०च्या 'दहेज'मधली हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू ही त्यातली महत्त्वाची, कारण तिच्यानंतर निर्मात्यांना सासू म्हटलं की ललिताबाईच दिसू लागल्या. शांतारामबापूंच्याच 'अमर भूपाळी'त त्या होत्या. 'दाग'मध्ये दिलीपकुमारची आई. १९५५ साली तर गंमत आहे: गुरुदत्तच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्ये त्या पुरुषांचा राग करणारी श्रीमंत आत्या आहेत आणि त्याच वर्षीच्या 'श्री ४२०'मध्ये मुंबईच्या फुटपाथवर केळी विकणारी गंगामाई. पहिली बाई गाडीतून उतरते आणि दुसरी रस्त्यावर बसून दातओठ खात भांडते, मग त्याच भांडलेल्या पोराला मायेने केळी देते. दोन्ही चित्रपट लागोपाठ बघितले तरी माणूस एकच आहे हे क्षणभर विसरायला होतं.

मला स्वतःला त्यांचं सगळ्यांत आवडतं काम म्हणजे १९५९च्या 'अनाडी'तल्या मिसेस डिसा. हृषीकेश मुखर्जींचा चित्रपट. राज कपूर हा भोळा भाडेकरू आणि ललिताबाई त्याची ख्रिस्ती घरमालकीण. ती तोंडाने भाड्यासाठी तासडते, आणि पोरगा उपाशी आहे हे कळलं की त्याला कळू न देता त्याच्या पोटाची सोय करते. हिंदी बोलण्याची तिची ढब थेट मुंबईतल्या गोवेकर ख्रिस्ती बायांची. येवल्याच्या कापडवाल्याच्या मुलीने ती कुठे ऐकली, किती दिवस ऐकली असेल? पुढे एका औषध कंपनीच्या भेसळीच्या औषधाने ही म्हातारी मरते, आणि ती कंपनी ज्याची, त्याच्याचकडे तिचा हा मानलेला मुलगा नोकरीला असतो. ती गेल्यावर चित्रपटातला उजेड गेल्यासारखा वाटतो. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचं सहाय्यक अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. मुखर्जींना त्या इतक्या भावल्या की 'मेम दीदी'त त्यांनाच मुख्य भूमिका दिली, आणि १९७१च्या 'आनंद'मध्ये मेट्रन डिसा करून पुन्हा आणलं.

त्याच १९५९ साली बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त त्या शिवाशिव पाळणारी म्हातारी आहेत, अस्पृश्य म्हणून जन्मलेल्या मुलीला घरातून दूर ठेवा म्हणणारी. समोर नूतन, तीही आपली मराठीच. म्हणजे एकाच वर्षी प्रेक्षक एका चित्रपटात ललिताबाईंसाठी रडले आणि दुसऱ्यात त्यांच्यावर चिडले.

आणखी एक सांगून पुढे जाते. 'प्रोफेसर' हा १९६२चा शम्मी कपूरचा चित्रपट. आपण सगळे तो गाण्यांसाठी बघतो. घरातल्या पोरींना शिस्तीत ठेवणारी कडक, प्रौढ, अविवाहित बाई म्हणजे ललिताबाई. म्हाताऱ्याचं सोंग घेऊन आलेल्या प्रोफेसरवर तिचा जीव जडतो. दिग्दर्शकाने हे हसण्यासाठी घातलं आहे आणि थिएटर हसतंही. पण ललिताबाई केस नीट करतात, जरा बरं पातळ नेसतात, आरशात बघतात, तिथे हसू घशात अडकतं. सव्वीस वर्षांची असताना जिच्या हातून प्रेमाची दृश्यं काढून घेतली गेली, ती शेहेचाळिसाव्या वर्षी एका विनोदी चित्रपटात प्रेमात पडलेली बाई करते. त्यांच्या मनात तेव्हा काय होतं हे मला माहीत असायचं कारण नाही. पडद्यावर मात्र तो विनोद राहत नाही.

१९६१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. बाबूभाई मिस्त्रींच्या 'संपूर्ण रामायण'मध्ये त्या मंथरा झाल्या तेही त्याच साली. पंचवीस-सव्वीस वर्षांनी रामानंद सागरांना मंथरा हवी होती, तेव्हा त्यांनी दुसरीकडे पाहिलंच नाही.

आता आपल्या हातखंब्याकडे येते. २५ जानेवारी १९८७ला दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं. तिठ्यावरची गर्दी रविवारी सकाळी साडेनऊला कशी पांगायची, हे तेव्हाच्या सगळ्यांना आठवत असेल. वाडीत टीव्ही एक-दोन घरांत. ओटीवर, पडवीत, खिडकीबाहेर माणसं. वीज गेली की सगळ्यांच्या तोंडून एकदम निघणारा सुस्कारा. ज्या रविवारी मंथरा कैकेयीच्या महालात शिरली, त्या रविवारी म्हाताऱ्या बायका टीव्हीच्या दिशेने कडाकडा बोटं मोडत होत्या. पोरं दुसऱ्या दिवशी वर्गात पाठीत वाकून, डोळा बारीक करून फिरत होती. तो डोळा मुद्दाम तसा केलेला नाही, पंचेचाळीस वर्षांपूर्वीची जखम आहे, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. ललिताबाई तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. त्या वयात दिवसचे दिवस वाकून चालायचं, गुजरातेत उंबरगावच्या सेटवर, दिव्यांच्या उष्ण्यात.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मराठीच्या बाईंनी कैकेयी-मंथरेचा प्रवेश बसवला. सीता व्हायला अकरा मुली तयार होत्या, मंथरा व्हायला एकही नाही. उंची कमी म्हणून असेल किंवा आवाज मोठा म्हणून असेल, ते माझ्या गळ्यात पडलं. पाठीला उशी बांधली, आजीचं जुनं लुगडं नेसले, हातात काठी. प्रयोगात पुढच्या रांगेतल्या एका आजींनी माझ्याकडे बघून खरोखर बोटं मोडली. बाई विंगेत उभ्या राहून हसत होत्या. टाळ्या कैकेयीला जास्त पडल्या, पण ती बोटं माझ्या वाट्याला आली, आणि ती माझी कमाई आहे हे बाईंनी मला नंतर नीट समजावून सांगितलं. मंथरा हे नाव त्यानंतर दोन वर्षं मला चिकटलं. तुमच्यापैकी काही जण अजूनही फोनवर त्याच नावाने हाक मारता, म्हणून हे लिहिलं.

आपल्या नमनात रावण येतो तेव्हा लहान मुलं आईच्या पदराआड लपतात. पण दुसऱ्या दिवशी तोच रावण दुकानात बसून गूळ जोखताना दिसतो, त्यामुळे भीती राहत नाही, उलट त्या माणसाचा मान वाढतो. ललिताबाईंना कोणी गूळ जोखताना पाहिलं नाही. लोकांना त्या पडद्यावरच भेटल्या, आणि बहुतेक वेळा सुनेला छळताना. त्यामुळे राग तसाच राहिला. सिनेमावाल्यांनीही त्यांना सोडलं नाही. १९८०च्या 'सौ दिन सास के'पर्यंत तीच सासू, तोच छळ, शेवटी तीच शिक्षा. मला वाटतं यात त्यांच्या गुणाची बरीच नासाडी झाली. मुखर्जी, बिमल रॉय, गुरुदत्त यांच्यासारखे जाणकार मिळाले तेव्हा त्या काय करू शकत होत्या ते दिसलं; बाकीच्या वेळी लोकांना पाहिजे ते त्या देत राहिल्या, पण चोख दिलं. कामचुकारपणा त्यांच्या वाईट चित्रपटांतही सापडत नाही.

शेवटच्या काळात त्यांना कर्करोगाने गाठलं. मुंबई सोडून त्या पुण्यात औंधला राहायला आल्या. जिथे मूकपटांच्या काळात सुरुवात केली तेच पुणं, पण आता ओळखीचं फारसं काही उरलेलं नसणार. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी त्या गेल्या, तेव्हा घरात त्या एकट्याच होत्या. त्या गेल्याचं लोकांना लगेच कळलंही नाही.

२०२०च्या मार्च अखेरीस टाळेबंदीत दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवलं. भाचीची दोन मुलं तेव्हा माझ्याकडे अडकली होती. मंथरा आली की धाकटी उशी फेकून मारायची. एका दुपारी मी त्यांना 'अनाडी' लावून दिला. काळा-पांढरा आहे म्हणून आधी कुरकुर झाली, मग गप्प बसून पाहिला. मिसेस डिसा गेल्या तेव्हा धाकटी हमसून हमसून रडली. ही आणि ती मंथरा एकच, हे तिला काही केल्या पटेना. शेवटी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून डावा डोळा दाखवला, तेव्हा कुठे तिने मान हलवली.